डॉवेलपासून लाकडी बाण: बारा नगांच्या संचाच्या नोंदी

धनुष्य बांबूचं, लाँगबो (लांब, साध्या) पद्धतीचं, २८ इंच खेचायला ३० पाउंड जोर लागणारं. मुठीशेजारी बाणासाठी खिडकी कापलेली नाही, त्यामुळे सुटताना बाणाला धनुष्याच्या अंगावरून वळसा घालून जावं लागतं. त्याला किती वाकता येतं यावर सगळं अवलंबून. लक्ष्य १५ ते २० मीटरवर. एकसारखे बारा बाण हवेत, आणि लाकूड ठाण्यातल्या साध्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं तेच: डॉवेल, म्हणजे गोल लाकडी दांडे.

या नोंदी याच मापाच्या धनुष्यासाठी आहेत. कंपाउंड (चाकं आणि केबलवाल्या) धनुष्यावर लाकडी बाण कधीही चढवू नये. तिथे दांडा हातातच फुटू शकतो.

४ ऑक्टोबर: खरेदी

नौपाड्यातल्या हार्डवेअरवाल्यांकडे आणि वागळे इस्टेटच्या बाजूला मोल्डिंग पट्ट्या विकणाऱ्यांकडे तीन प्रकार दिसले: बीच, पाइन आणि रबरवूड. रबरवूड बाद. त्यातले बरेच दांडे तुकडे जोडून केलेले असतात, आणि पॉलिशखाली तो जोड चटकन दिसत नाही. बाण सुटताना नेमका तिथेच तुटतो.

पाइन हलकं आणि सरळ, पण ८ मिमीमध्ये फार लवचिक. ३० पाउंडाला पुरेल इतका ताठपणा हवा तर ९ मिमी तरी पाहिजे, आणि दुकानात त्याच्या जवळची जाडी मिळते ती ९.५ मिमी. स्पर्धेत वापरायचे असतील तर लक्षात ठेवा: वर्ल्ड आर्चरी या तिरंदाजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमात दांड्याची कमाल जाडी ९.३ मिमी आहे. म्हणजे ९.५ चा दांडा घासून कमी करावा लागेल. त्यापेक्षा ८ मिमी बीच सोयीचं. जड आहे, पण या जाडीत ताठपणा आपल्याला हवा तिथेच येतो.

निवड दुकानातच करायची. घरी आणून करायचं ते काम नाही. मालक बंडल सोडू देतो, फक्त सकाळी गर्दी नसताना जायचं आणि ३०-४० नग घेणार हे आधी सांगायचं. प्रत्येक दांड्याच्या तीन गोष्टी पाहिल्या.

पहिली, रेषा. बीचच्या अंगावर बारीक तपकिरी ठिपके-रेघा असतात, तंतू जातो त्याच दिशेने त्या पडलेल्या असतात. त्या दांड्याला समांतर असतील तर माल चांगला. तिरप्या जात असतील तर तंतू मध्येच दांड्याबाहेर पडतो. एका टोकाशी धरलेली रेषा निदान २० इंच दांड्यातच राहिली पाहिजे. त्याआधी बाहेर पडली तर दांडा कितीही सरळ आणि गुळगुळीत असो, परत ठेवायचा. इथे तडजोड नाही, कारण तिरप्या तंतूवर तुटलेल्या बाणाला भाल्यासारखं टोक येतं आणि ते धनुष्य धरलेल्या हाताकडे जातं.

दुसरी, जाडी. ८ मिमी म्हणून विकलेले दांडे व्हर्नियरवर ७.६ ते ८.१ भरले. काही एका बाजूने ७.७ आणि दुसऱ्या बाजूने ८, म्हणजे लंबगोल. फरक बारीक दिसतो, पण ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो: ७.७ आणि ८ मध्ये जवळजवळ १७ टक्के. ७.९ च्या खालचे सगळे सोडले.

तिसरी, सरळपणा. काउंटरच्या काचेवर दांडा लोळवायचा. पूर्ण लांबीत एकच हलका बाक असेल तर चालतो, तो नंतर निघतो. गाठीपाशी आलेली मोड कधीच निघत नाही.

३ फुटी ३६ नग घेतले. ४५ रुपयांप्रमाणे १,६२०.

५ ऑक्टोबर: सुकवणं

पावसाळाभर गोदामात पडलेलं लाकूड ओलं असतं, हाताला कोरडं लागलं तरी. ओलं लाकूड लवचिक आणि जड, म्हणून आत्ता मोजलेला ताठपणा महिन्याभराने खोटा ठरणार. दांडे सहा-सहाच्या जुडीत अ‍ॅल्युमिनियमच्या अँगलला सुतळीने बांधून आतल्या खोलीत, जमिनीपासून वर आडवे ठेवले. उन्हात ठेवायचे नाहीत. ऑक्टोबरच्या उन्हात एक बाजू आधी सुकते आणि दांडा तिकडे वळतो.

०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर चार दांड्यांचं वजन दर दोन दिवसांनी लिहायचं. वजन उतरायचं थांबलं की सुकले. ३३ ग्रॅमचा दांडा ३२.२ वर येऊन थांबला.

१९ ऑक्टोबर: ताठपणा मोजणं

लाकडी बाणांची जुनी पद्धत: दोन आधारांमध्ये २६ इंच म्हणजे ६६० मिमी अंतर, मधोमध २ पाउंड म्हणजे ९०७ ग्रॅम वजन, आणि दांडा किती मिलिमीटर खाली वाकतो ते पाहायचं. ६६० ला त्या आकड्याने भागलं की पाउंडात ताठपणा मिळतो. २२ मिमी वाकला तर ३०, १६.५ वाकला तर ४०. वजनासाठी प्लास्टिकच्या बाटलीत पाणी भरून, हुकासकट काट्यावर ९०७ ग्रॅम केलं.

पहिले आकडे फेकून द्यावे लागले. आधाराचे दोन खिळे पातळ प्लायच्या शेल्फवर ठोकले होते आणि वजन टांगल्यावर दांड्याबरोबर प्लायही वाकत होता. प्रत्येक दांडा मिलिमीटर-दीड मिलिमीटर जास्त लवचिक दिसत होता. जाड सागवानी फळी भिंतीला स्क्रूने पक्की केल्यावर तोच दांडा परत परत लावला तरी आकडा अर्ध्या मिलिमीटरच्या आत येऊ लागला. आधी ही खात्री करा, मगच बाकीचे मोजा.

दांडा आधारावर कसा ठेवायचा यालाही महत्त्व आहे. टोक २२० च्या पॉलिश पेपरने घासून ओल्या बोटाने पुसलं की वाढीच्या वलयांच्या रेघा दिसतात. त्या उभ्या ठेवून मोजायचं, कारण सुटताना बाण त्याच दिशेने वाकणार आहे. आडव्या ठेवल्या तर आकडा वेगळा येतो. मोजतानाच ती बाजू पेन्सिलने खूण करून ठेवावी, पुढे दोरी बसवायची खाच कापताना लागते. दांड्यावर नंबर, वाक आणि वजनही लिहायचं.

एकाच दुकानातले, एकाच बंडलातले ३६ दांडे १५ पासून २४ मिमीपर्यंत पसरले, म्हणजे ४४ पाउंडांपासून २७ पर्यंत. असे बाण मिसळून मारले तर नेम कितीही चांगला असो, ते एकत्र पडणार नाहीत. १९ ते २१.५ मिमी, म्हणजे अंदाजे ३१ ते ३५ पाउंड, या पट्ट्यात २० दांडे निघाले. त्यातून वजनात दोन ग्रॅमपेक्षा जास्त वेगळे बाजूला काढल्यावर १५ उरले. बाकीचे टाकले नाहीत, चाचणीसाठी ठेवले.

२६ ऑक्टोबर: सरळ करणं

बीच उष्णतेने छान वळतं. बाकाच्या बाहेरच्या अंगावर हीट गन आठ-दहा सेंटिमीटरवरून फिरवत राहायची. लाकूड हाताला धरवेनासं झालं की कापडात धरून उलट्या बाजूला थोडं जास्त वाकवायचं आणि गार होईपर्यंत सोडायचं नाही. गार न होता सोडलं की बाक परत येतो. थंड लाकूड नुसतं हाताने वाकवून सरळ केलं तर त्या वेळी सरळ दिसतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वीसारखं.

एका दांड्यावर गन एकाच जागी थांबली आणि तांबूस-काळा डाग पडला. तिथलं लाकूड ठिसूळ होतं, हलक्या दाबाने तडकलं. १४ उरले.

शेवटी स्क्रूड्रायव्हरच्या गोल दांडीने दाबून पूर्ण लांबी घोटली. वर आलेले तंतू बसतात आणि उरलेला बारीक बाकही निघतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नये.

२ नोव्हेंबर: खाच

प्लास्टिकचा नॉक (दोरी अडकवायची खाचेची टोपी) न लावता दांड्यातच खाच कापायची ठरवली. हॅकसॉची तीन पाती टेपने एकत्र बांधली की रुंदी आपल्या दोरीच्या गुंडाळीला जुळते. खोली १२ मिमी. खाच वलयांच्या रेघांना काटकोनात जायला हवी. रेघांना समांतर कापली तर दोरीच्या धक्क्याने दांडा उभा चिरतो. एका दांड्यावर खूण पुसली गेली होती, खाच समांतर पडली आणि कानस फिरवतानाच तडा गेला. १३ उरले.

याच वेळी दांड्याचं कुठलं टोक पुढे येणार तेही ठरतं. खाच उभी धरली की वरच्या अंगावर तंतूंच्या ज्वाळेसारख्या टोकदार आकृत्या दिसतात. त्यांची टोकं बाणाच्या अणीकडे असावीत. मग तुटलाच तर फाटा वर आणि पुढे जातो, हातात घुसत नाही.

खाच आतून गोल कानशीने, मग दोरीवर पॉलिश पेपर गुंडाळून गुळगुळीत केली. परीक्षा साधी: बाण दोरीला लटकला पाहिजे आणि दोरीला टिचकी मारल्यावर पडला पाहिजे. न मारता पडला तर सैल. खाचेच्या तळापासून खाली १२ मिमी पॉलिएस्टरचा शिवणदोरा घट्ट, वेटोळ्याला वेटोळं लावून गुंडाळला आणि क्विक ग्लूने भिजवला. ३० पाउंडाला एवढं पुरतं. ४० च्या पुढे खाचेला काटकोनात बारीक काप घेऊन त्यात मिलिमीटरभर जाडीची हायलमची (कडक लॅमिनेट पत्र्याची) पट्टी चिकटवावी आणि मगच दोरीची खाच कापावी.

८ नोव्हेंबर: अणी

दिवाळीच्या सुट्टीत वागळे इस्टेटमधले लेथवाले बंद होते, त्यात वेळ गेला. शिवाय १५ नगांसाठी सेटिंग करायला सहज कोणी तयार होत नाही. कामगार निवांत असताना विचारावं.

पहिल्या खेपेला सोपी अणी करून घेतली: आत ७ मिमीचं सरळ भोक, १५ मिमी खोल, आणि दांड्याचं टोक घासून ७ मिमी. २५ रुपये नग. चाचणीसाठी ठेवलेल्या दांड्यांवर बसवून मारल्या तर दांडे नेमके अणीच्या मागे तुटले. कारण उघड आहे. जाडी एकदम ८ वरून ७ झाली की त्या पायरीच्या कोपऱ्यावर सगळा ताण येतो. सगळा लॉट वाया, ३७५ रुपये.

दुसऱ्या खेपेला आतून शंकूसारखं भोक, प्रत्येक बाजूला ५ अंशांचा उतार. लाकडी बाणांच्या अणीला हाच उतार वापरतात. तोंडाशी ८ मिमी, १९ मिमी आत गेल्यावर ४.७. बाहेरून ९ मिमी, एकूण लांबी ३१, वजन ७ ग्रॅमच्या आसपास. लेथवाल्याला कागदावर माप काढून आणि एक दांडा सोबत देऊन सांगितलं की चूक होत नाही. ४० रुपये नग. यातल्या एकाही अणीमागे दांडा तुटलेला नाही.

दांड्याला तसाच उतार देण्यासाठी फळीवर ५ अंशात पट्टी ठोकली आणि ड्रिलला सँडिंग डिस्क लावून दांडा पट्टीला टेकवून फिरवला. पेन्सिलच्या शार्पनरने होईल असं वाटतं, पण त्याचा उतार फार आखूड येतो आणि अणी फक्त तोंडाशी टेकते. आत पेन्सिलचं शिसं चोळून अणी बसवली की कुठे टेकते ते लाकडावर काळं उमटतं. पूर्ण उतार काळा होईपर्यंत घासायचं.

चिकटवायला हॉट ग्लूची कांडी. अणी तापवायची, लाकूड नाही. अराल्डाइट जास्त पक्कं बसतं, पण दांडा मोडल्यावर अणी परत काढता येत नाही, आणि अणी हाच संचातला पुन्हा वापरता येणारा भाग आहे.

१५ नोव्हेंबर: पिसांशिवाय चाचणी

दांडे ३० इंच लांबच ठेवले होते. आखूड केल्याने बाण ताठ होतो आणि कापलेली लांबी परत मिळत नाही, म्हणून आधी मारून पाहायचं.

एका दांड्याला तात्पुरती पिसं लावली, बाकीचे उघडे. दोन्ही १० मीटरवरून मारले. उजव्या हाताने खेचणाऱ्यासाठी उघडा दांडा पिसांच्या बाणाच्या डावीकडे पडला तर ताठ, उजवीकडे पडला तर लवचिक. १९ ते २० मिमी वाकणारे सगळे डावीकडे गेले. २१ च्या आसपासचे जवळजवळ जागेवर. खिडकी नसलेल्या धनुष्याला खेचेच्या वजनाइतका किंवा त्याहून किंचित कमी ताठपणा लागतो, तेच इथे दिसलं.

ताठ दांडे ड्रिलमध्ये धरून, १२० चा पेपर मुठीत घेऊन घासले, मधल्या भागात जास्त. ०.१५ ते ०.२ मिमी जाडी गेली की १९ चा दांडा २१ वर येतो. अगदी थोडं घासून परत आधारावर मोजायचं. दांडा तापलेला असताना मोजू नये, आकडा फसवतो. संध्याकाळपर्यंत तेराही दांडे २०.५ ते २१.५ मिमीमध्ये आले. या दिवसाइतका उपयोगी दिवस पूर्ण कामात दुसरा नव्हता.

१८ नोव्हेंबर: पॉलिश

चपडा लाख १०० ग्रॅम, स्पिरिट अर्धा लिटर, रात्रभर भिजवून पातळ कापडाने गाळून घेतलं. कापडाच्या बोळ्याने तीन हात, मध्ये ३२० चा पेपर. अवकाळी पावसाच्या दिवशी दिलेला हात पांढुरका पडला. स्पिरिट उडताना हवेतलं पाणी पॉलिशमध्ये अडकतं. कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटचा बोळा फिरवला की ते निघून जातं.

पिसं बसणार त्या मागच्या १५ सेंटिमीटरला फक्त दोन पातळ हात आणि तीन दिवस वाळवणं. जाड, अर्धवट वाळलेल्या पॉलिशवर लावलेलं पीस पॉलिशच्या पापुद्र्यासकट सोलून निघालं. गोंद चांगला होता, खालचा थर कच्चा होता.

२३ नोव्हेंबर: पिसं

टर्कीच्या पंखाची मोठी पिसं, पाळणाऱ्याकडून. कोंबडीची फार मऊ. घार, घुबड किंवा इतर रानपक्ष्यांची पिसं सापडली तरी वापरू नयेत, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आड येतो. साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून, डांबरगोळ्या घालून डब्यात ठेवली. आपल्या दमट हवेत पिसांना कसर फार लवकर लागते.

एका बाणावर तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची हवीत. डावं-उजवं मिसळलं तर बाण फिरत नाही. पिसाचा मधला कणा ब्लेडने उभा चिरून, पेपरवर घासून पातळ आणि सपाट केला. लांबी १०० मिमी, पीस पत्र्याच्या साच्यावर धरून कात्रीने कापलं. १२० अंशांवर तीन, एक पीस खाचेला काटकोनात, खाचेच्या तळापासून २५ मिमी अंतर सोडून. जेलवाला क्विक ग्लू. पांढरा गोंद स्वस्त आहे, पण पहाटेच्या दवात सुटतो.

प्रत्येक पिसाच्या पुढच्या टोकावर दोऱ्याचे पाच-सहा वेढे आणि वर गोंदाचा थेंब घ्यायलाच हवा. कण्याचं उघडं टोक बाण सुटताना तर्जनीच्या सांध्यावरून घासत जातं आणि कातडी कापतं.

३० नोव्हेंबर: मैदानावर

येऊर जवळ आहे म्हणून तिकडे जाऊ नये. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे आणि १९७२ च्या कायद्यातल्या हत्याराच्या व्याख्येत धनुष्यबाणाचं नाव आहे. परवानगीशिवाय आत नेणं हा गुन्हा आहे. सोसायटीची गच्ची तर नाहीच. मुरबाडच्या बाजूला शेतात, मागे मातीचा उंच बांध असलेल्या जागी मारले.

१५ मीटरवर बारापैकी दहा बाण ताटाएवढ्या वर्तुळात. एक सतत खाली पडत होता, वजन केलं तर इतरांपेक्षा २ ग्रॅम जड. अणीत हॉट ग्लूचा गोळा भरला होता, काढल्यावर जागेवर आला. दुसरा इकडे-तिकडे जात होता, त्याची खाच सैल होती. तो बाजूला काढून तेरावा घेतला. नंबर लिहिलेले नसते तर यातलं काहीच सापडलं नसतं.

पूर्ण बाण ३५ ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे बाणांच्या वजनाच्या एककात सुमारे ५४० ग्रेन. ३० पाउंडाला जड आहे, त्यामुळे २० मीटरच्या पुढे लवकर खाली येतो. पण धनुष्याला हा भार मानवतो आणि आवाजही कमी येतो.

प्रत्येक वेळी मारण्याआधी बाण कानाजवळ धरून दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवायचा. कट्‌ असा बारीक आवाज आला किंवा नखाला भेग लागली की तिथेच मोडून टाकायचा, म्हणजे चुकून परत भात्यात जात नाही.

७ डिसेंबर: खर्च

डॉवेल १,६२०, वाया गेलेल्या अणी ३७५, चांगल्या अणी ६००, पिसं ५००, लाख-स्पिरिट-पेपर ४२०, दोरा आणि गोंद २६०, फळी-खिळे-स्क्रू १८०. एकूण ३,९५५, बारा बाणांसाठी नगाला सुमारे ३३० रुपये, अवजारं सोडून. पहिल्याच खेपेला शंकूच्या अणी केल्या तर नगाला ३०० च्या आत बसतो.

पैसे वाचवायला दांडे कमी घेऊ नयेत. ३६ घेतले म्हणून १५ जुळले. २० घेतले असते तर आठ-नऊ जुळले असते आणि पुढच्या बंडलातला माल या संचाशी जुळेलच असं नाही. १५ ते १८ मिमी वाकणारे, म्हणजे ३७ ते ४४ पाउंडांचे उरलेले दांडे नंबरासकट बांधून ठेवले आहेत. ४० पाउंडी धनुष्याच्या संचाला ते उपयोगी पडतील, पण पावसाळ्यानंतर त्यांचं वजन आणि वाक पुन्हा मोजूनच.